तबकडी मोडत का नाही?

भात कापून झाले की आमच्या पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर तारपा घुमू लागतो. मधोमध तारपा वाजवणारा, आणि हातात हात गुंफून त्याच्याभोवती फिरणारी बायापुरुषांची लांब ओळ. ओळ वाढत जाते तसे तिचे वेटोळे होते. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी हे वेटोळे पांढऱ्या रंगाच्या बारीक आकृत्यांनी कागदा-कापडावर उतरवले आणि ते जगभर पोचले. सर्पिल दीर्घिकेचा फोटो प्रथम पाहिला तेव्हा मला तो नाचच आठवला होता. पुढे त्या विषयाचे थोडेफार वाचन झाले आणि साम्य कुठे संपते ते कळले. तारप्याच्या नाचात बाहेरच्या टोकाचा माणूस जवळजवळ धावत असतो आणि आतला जागच्या जागी पावले टाकत असतो, म्हणून ओळ तुटत नाही. दीर्घिकेत कुणी कुणाचा हात धरलेला नाही. आतला तारा आणि बाहेरचा तारा साधारण एकाच वेगाने पळतात, त्यामुळे आतल्याची फेरी लवकर पुरी होते आणि बाहेरचा मागे पडतो. अशा नाचाचे वेटोळे चार-सहा फेऱ्यांत सुताच्या रिळासारखे गुंडाळून गेले पाहिजे. तसे झालेले दिसत नाही.

कोळगावात जिल्ह्याचे मुख्यालय उभे राहिल्यापासून इथल्या रात्री उजळल्या आहेत. उत्तरेला बोईसर-तारापूरच्या कारखान्यांची तांबूस झाक कायमचीच. आकाशगंगेचा पट्टा पाहायचा तर जव्हार-मोखाड्याच्या बाजूला चढून जावे लागते. तो पट्टा म्हणजे आपणच ज्या तबकडीत बसलो आहोत तिची कड. ही तबकडी सुमारे १ लाख प्रकाशवर्षे रुंद आणि जेमतेम १ हजार प्रकाशवर्षे जाड आहे, म्हणजे वीतभर रुंदीची तांदळाची भाकरी दोन मिलिमीटर जाडीची थापावी तशी. सूर्य तिच्या केंद्रापासून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षांवर आहे आणि त्याची एक फेरी साधारण २३ कोटी वर्षांत होते. जन्मल्यापासून त्याच्या विसेक फेऱ्या झाल्या असतील. एवढ्या काळात ही भाकरी फाटली नाही, तिचे गोळे झाले नाहीत, ती फुगून चेंडूही झाली नाही. का? खगोलशास्त्रातल्या संगणकी प्रयोगांनी गेली साठ वर्षे ज्या प्रश्नांवर खर्च केली त्यांतला हा एक मोठा प्रश्न आहे. त्याचे उत्तर किमान तीनदा बदलले, आणि दर वेळी आधीचे उत्तर देणारी माणसे हुशारच होती. म्हणून हा आढावा.

गुरुत्वाकर्षण फक्त ओढते. जिथे थोडे जास्त तारे जमले तिथे आणखी जमणार, हे उघड आहे. ॲलर टूमर या गणितज्ञाने १९६४ साली या ओढीविरुद्ध काय उभे राहते याचा हिशेब मांडला. लहान पट्ट्यात ताऱ्यांची सैरभैर धावपळ कामी येते: गोळा होण्याआधीच ते इकडेतिकडे निसटतात. मोठ्या पट्ट्यात तबकडीचे फिरणे कामी येते, कारण गोळा जमू लागला तरी ते त्याला ताणून फाडते. या दोहोंच्या मध्ये एक आकार असा उरतो, की जो धावपळीला मोठा आणि फिरण्याला लहान पडतो. धावपळ पुरेशी असेल तर ही फट बुजते. किती पुरेशी, हे टूमरने एका आकड्यात बांधले. तो आकडा १ च्या वर असला तर तबकडी गोळ्यांपासून वाचते. आजही दीर्घिकांवरच्या प्रबंधात हा आकडा सापडला नाही असे क्वचित होते.

पण टूमरचा हिशेब कड्यांच्या आकाराच्या विस्कळीतपणापुरता होता. तबकडीला लांबुळका होऊन बिघडायची सोयही असते, आणि तिथे कागद-पेन्सिल अपुरी पडते. ताऱ्यांना प्रत्यक्ष फिरवून पाहणे एवढाच मार्ग उरतो.

फिरवून पाहण्याची पहिली गोष्ट संगणकाच्याही आधीची आहे आणि मला ती फार आवडते. स्वीडनमध्ये एरिक होल्मबर्ग यांनी १९४१ साली दोन दीर्घिकांची टक्कर टेबलावर मांडली. प्रत्येक दीर्घिकेसाठी ३७ दिवे. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो, गुरुत्वाकर्षणही तसेच. म्हणून प्रत्येक दिव्याच्या जागी प्रकाशमापक ठेवून चारी बाजूंनी किती उजेड येतो ते मोजायचे, त्यावरून ओढ किती आणि कुठे ते काढायचे, सर्व दिवे तितके सरकवायचे आणि पुन्हा मोजायचे. अंधाऱ्या खोलीत दिवे सरकवणारा तो माणूस आजच्या प्रत्येक सिम्युलेशनचा आजोबा आहे.

१९७१ साली अमेरिकेत फ्रँक होल यांनी १ लाख ताऱ्यांची तबकडी संगणकात फिरवली. टूमरच्या अटीत बसणारी तबकडी होती, तरी ती काही फेऱ्यांत लांबुळकी झाली आणि मधोमध एक जाड दांडा तयार झाला. ताऱ्यांची सैरभैर धावपळ इतकी वाढली, की ती आपल्या आकाशगंगेसारखी दिसेनाच. हीच तक्रार घेऊन प्रिन्स्टनचे जेरेमाया ऑस्ट्रायकर आणि जेम्स पीबल्स १९७३ साली पुढे आले. त्यांच्या प्रयोगात कण होते फक्त १५० ते ५००. त्यांना दिसले, की फिरण्यातली ऊर्जा एकूण गुरुत्वीय ऊर्जेच्या ०.१४ पटीहून जास्त झाली की तबकडी दांड्यात कोसळते. आपली आकाशगंगा या मर्यादेच्या खूपच वर आहे आणि तरी शाबूत आहे. मग तिला कुणीतरी बाहेरून धरून ठेवलेले असणार. त्यांनी सुचवले, की तबकडीभोवती न दिसणाऱ्या वस्तुमानाचा मोठा गोल असला पाहिजे आणि आतल्या भागात त्याचे वजन तबकडीच्या तोडीचे असले पाहिजे. व्हेरा रुबिन आणि केंट फोर्ड यांनी देवयानी दीर्घिकेच्या बाहेरच्या भागातले वेग १९७० साली मोजले होतेच. दोन्ही धागे जुळले आणि कृष्णद्रव्याच्या प्रभामंडळाला खगोलशास्त्रात कायमची जागा मिळाली. पाचशे ठिपक्यांनी विश्वाच्या वजनाविषयी बोलावे, हे त्या काळी धाडसच होते.

निष्कर्ष खरा ठरला, पण त्याच्यामागचा तर्क अपुरा होता. पाठ्यपुस्तके अजूनही ही गोष्ट ‘प्रभामंडळ तबकडीला सावरते’ एवढ्यावर थांबवतात, आणि ते मला खटकते. खुद्द टूमर यांनी १९८१ मध्ये दाखवले, की ताऱ्यांच्या दाटीच्या लाटा तबकडीत फिरताना पिंग्यासारख्या ताणल्या जाऊन वाढतात, आणि वाढण्यासाठी त्यांना केंद्रातून परत फिरावे लागते. केंद्र घट्ट असेल तर ही परतीची वाट बंद होते आणि दांडा जन्मत नाही. जेरी सेलवुड आणि विन इव्हान्स यांनी २००१ मध्ये बाहेरच्या मोठ्या प्रभामंडळाचा आधार न घेता, केंद्र घट्ट असलेली जड तबकडी स्थिर राहते हे दाखवले. म्हणजे सावरण्याचे काम मधला घट्ट गड्डाही करू शकतो.

त्याहून मोठा धक्का २००२ मध्ये लिया अथानासूला यांनी दिला. आधीच्या बऱ्याच प्रयोगांत प्रभामंडळ म्हणजे अचल चौकट होती. तबकडी हलायची, प्रभामंडळ हलत नव्हते. त्यांनी प्रभामंडळही कणांचेच केले, म्हणजे त्यालाही ओढ देता-घेता यावी असे. मग चित्र पालटले. तबकडीतला दांडा आपला कोनीय संवेग प्रभामंडळातल्या कणांना देत सुटला, आणि देता देता अधिक लांब, अधिक बळकट झाला. ज्या प्रभामंडळाला सावरण्यासाठी बोलावले होते तेच दांडा पोसू लागले. सुरुवातीला ते दांड्याला उशीर लावते, नंतर त्याला वाढवते, असा प्रभामंडळाचा दुहेरी स्वभाव आहे. आज अवरक्त प्रकाशात पाहिले तर जवळपासच्या सुमारे दोन तृतीयांश तबकडी-दीर्घिकांत लहानमोठा दांडा सापडतो. आपल्या आकाशगंगेतही तो आहे. त्यामुळे प्रश्नच उलटा झाला: दांडा का होत नाही असे न विचारता, उरलेल्यांना तो का नाही असे विचारावे लागते.

या उलट्या प्रश्नावर पुण्यात काम झाले आहे. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रातले कनक साहा यांनी थॉर्स्टन नाब यांच्याबरोबर २०१३ मध्ये दाखवले, की प्रभामंडळ तबकडीच्याच दिशेने फिरत असेल तर दांडा लवकर जन्मतो. २०१८ मध्ये ब्रूस एल्मग्रीन यांच्याबरोबर त्यांनी दांडा नसलेल्या दीर्घिकांचा माग काढला, तेव्हा सुरुवातीपासून असलेला घट्ट गड्डा हे एक कारण पुढे आले. म्हणजे टूमरच्या त्या बंद वाटेशीच गोष्ट पुन्हा आली.

आता दीर्घिकेच्या वेटोळ्यांकडे, म्हणजे तिच्या भुजांकडे. त्या का गुंडाळून जात नाहीत याला १९६४ सालीच चिया-चियाओ लिन आणि फ्रँक शू यांनी उत्तर दिले: भुजा ही ताऱ्यांची ओळ नव्हेच, ती दाटीची लाट आहे. मनोरच्या मस्तान नाक्यावर कोंडी तिथेच राहते, गाड्या मात्र येतात आणि निघून जातात, तसे. कल्पना सुरेख होती, पण सेलवुड आणि रे कार्लबर्ग यांनी १९८४ मध्ये संगणकात भुजा उठवल्या तेव्हा त्या दहाएक फेऱ्यांत विरून गेल्या. भुजाच ताऱ्यांना ढवळतात, धावपळ वाढते, तबकडी ‘तापते’ आणि तापलेल्या तबकडीत नवी भुजा उठत नाही. त्यावर त्यांचाच उपाय होता: थंड वायूतून नवे, शिस्तीत फिरणारे तारे सतत जन्मत राहिले तर भुजाही राहतात.

पुढे जे झाले ते सिम्युलेशनवर विश्वास ठेवणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावे असे आहे. आकाशगंगेत १० हजार कोटींहून अधिक तारे आहेत. संगणकात काही हजार कण घेतले, तर एकेका कणाचे वजन कोट्यवधी सूर्यांइतके होते. असे दोन कण जवळून गेले की एकमेकांना खऱ्या ताऱ्यांपेक्षा कितीतरी जोरात हिसका देतात. निसर्गात नसलेली धावपळ आपणच तबकडीत ओततो आणि मग ती तापली म्हणून नोंद करतो. मिचिको फुजी आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये कणांची संख्या लाखांवरून दशलक्षांवर नेली, तेव्हा वायूची भर न घालताही भुजा १ हजार कोटी वर्षे टिकल्या. एलेना डोनघिया आणि मंडळींनी २०१३ मध्ये १० कोटी कण वापरले. तबकडी इतकी गुळगुळीत झाली की आपणहून भुजा उठेनातच. पण प्रचंड वायुमेघांइतके जड ठिपके तिच्यात सोडले, तेव्हा भुजा उठल्या आणि ठिपके काढून घेतल्यावरही उठत राहिल्या. चाळणीची भोके बदलली की पीठ बदलते. जुना निकाल साफ चुकीचा होता असे नाही, पण त्यातला किती भाग दीर्घिकेचा आणि किती चाळणीचा, हे कळायला सत्तावीस वर्षे लागली.

कण वाढवणे सोपे नसते. १ लाख कणांमध्ये ५०० कोटी जोड्या होतात आणि प्रत्येक पावलाला प्रत्येक जोडीची ओढ काढायची असते. जोश बार्न्स आणि पीट हट यांनी १९८६ मध्ये दूरच्या कणांचा एकत्र गठ्ठा धरण्याची युक्ती काढली. तिला जाळीवरच्या गणिताची जोड देऊन ‘ट्रीपीएम’ ही पद्धत २००२ मध्ये जसजीत बागला यांनी मांडली. त्यांची पीएचडी पुण्याच्या आयुकात थानू पद्मनाभन यांच्याकडे झाली होती. जवळच्या कणांची ओढ झाडासारख्या फांद्या पाडून, लांबच्यांची जाळीवर. फोल्कर स्प्रिंगेल यांच्या गॅजेट-२ या जगभर वापरल्या गेलेल्या प्रणालीत याच जातीची पद्धत आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टायटन महासंगणकावर २४,२०० कोटी कणांची आकाशगंगा फिरली. होल्मबर्ग यांच्या ७४ दिव्यांपासून ७३ वर्षांत इथवर.

इथपर्यंत वायूचे नाव मी ओझरते घेतले. खरे तर माझ्या मते या सगळ्या कथेत त्यालाच कमी मान मिळाला आहे, आणि तो मिळवून देणाऱ्यांत एक मराठी नाव ठळक आहे. चंदा जोग यांनी फिलिप सॉलोमन यांच्याबरोबर १९८४ मध्ये दोन निबंध लिहिले. त्यांचा मुद्दा साधा आणि दूरगामी होता. ताऱ्यांची तबकडी वेगळी मोजली तर स्थिर, वायूची वेगळी मोजली तर तीही स्थिर. दोन्ही एकत्र मोजल्या तर? दोघे एकमेकांना ओढतात, आणि ही जोडी अस्थिर निघू शकते. वायूचे कण ताऱ्यांच्या मानाने फार संथ, त्यांची सैरभैर धावपळ सेकंदाला पाच-दहा किलोमीटर. म्हणून तबकडीच्या वजनात वायू दहा-वीस टक्के असला तरी साऱ्या तबकडीचे भवितव्य तो बदलतो. टूमरचा आकडा ताऱ्यांसाठी काढून ‘स्थिर’ असा शिक्का मारणे त्या दिवशी जुने झाले. जोग पुढे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राहिल्या. कनक साहा त्यांचेच विद्यार्थी. अरुणिमा बॅनर्जी यांच्याबरोबर जोग यांनी २०१३ मध्ये काही तबकड्या कमालीच्या पातळ का राहतात याचा शोध घेतला, तेव्हा दाट आणि आटोपशीर प्रभामंडळ हे कारण निघाले. वायू मोजायला आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० थाळ्या. हायड्रोजनचा वायू कुठे, किती आणि कोणत्या वेगाने फिरतो हे तिच्यासारख्या दुर्बिणी सांगतात, आणि कोणत्याही सिम्युलेशनची खरी परीक्षा तिथे होते.

आतापर्यंतचे प्रयोग तयार तबकडी घेऊन सुरू होत. ती जन्मते कशी हे विचारले की अडचणी वाढतात. १९९० च्या दशकात विश्वाच्या आरंभापासून हिशेब चालवला, तर तबकड्या प्रत्यक्षापेक्षा सुमारे दहापट लहान यायच्या. वायू फार लवकर थंड होऊन गोळे व्हायचे, ते केंद्राकडे बुडायचे आणि बुडताना आपला कोनीय संवेग प्रभामंडळाला देऊन बसायचे. सुपरनोव्हांचे स्फोट वायूला पुन्हा बाहेर ढकलतात, ही गोष्ट नीट धरल्यावर गाडी रुळावर आली. २०११ मधली ‘एरिस’ ही आकाशगंगेसारखी दिसणारी पहिली पटण्याजोगी तबकडी. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या टीएनजी५० या सिम्युलेशनमध्ये सुमारे १७ कोटी प्रकाशवर्षे रुंदीच्या पेटीत तबकड्यांचे थवे आपोआप जन्मले. जर्मनीतल्या स्टुटगार्टच्या महासंगणकाचे १६ हजारांवर गाभे त्यासाठी वर्षाहून अधिक काळ राबले.

त्या तबकड्या पाहून मन हरखते, तरी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. टीएनजी५० मधला वायूचा एक ठिपका सुमारे ८५ हजार सूर्यांच्या वजनाचा आहे. सुपरनोव्हा एका ताऱ्याचा होतो. तो ठिपक्याच्या आत घडतो, म्हणून संगणकात तो ‘घडत’ नाही. त्याचा परिणाम किती धरायचा, हे अंदाजाने ठरवून घालतात आणि निकाल आकाशाशी जुळेपर्यंत अंदाज हलवतात. जुळलेली गोष्ट समजलेली असतेच असे नाही. याची खूण दांड्यांच्या वेगात सापडते. घट्ट प्रभामंडळात दांडा मंदावतो हे व्हिक्टर डेबॅटिस्टा आणि सेलवुड यांनी १९९८ मध्येच दाखवले होते, आणि आकाशातले मोजलेले बहुतेक दांडे वेगवान निघतात. मोठ्या सिम्युलेशनमध्ये हा वाद अजून मिटलेला नाही.

आणि आकाश थांबायला तयार नाही. २०१८ मध्ये गाया यानाच्या मोजमापांत दिसले, की सूर्याच्या आसपासच्या ताऱ्यांच्या उंची आणि उभ्या वेगांचा आलेख काढला तर त्यात गोगलगाईच्या शंखासारखे वेटोळे उमटते. गेल्या ३० ते ९० कोटी वर्षांत कुणीतरी, बहुधा धनु राशीतल्या बटू दीर्घिकेने, आपल्या तबकडीला धक्का दिला होता आणि ती अजून थरथरते आहे. म्हणजे तबकडी टिकली याचा अर्थ ती शांत होती असा नाही. धक्के बसले, ती वाकली, तापली, नवा थंड वायू येत गेला, त्यातून नवे तारे झाले आणि पातळ थर पुन्हा धरला गेला. गेल्या साठ वर्षांच्या प्रयोगांतून माझ्या हाती लागलेले उत्तर हे आहे.

त्या उत्तराची पुढची कसोटीही पुण्यातूनच आली. २०२५ च्या नोव्हेंबरात राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या छायाचित्रांत सापडलेली एक दीर्घिका जाहीर केली आणि तिला ‘अलकनंदा’ नाव दिले. आकाशगंगेला आपण मंदाकिनीही म्हणतो, अलकनंदा तिची बहीण. विश्व जेमतेम १५० कोटी वर्षांचे असतानाची ही दीर्घिका आहे. तरी सुमारे ३० हजार प्रकाशवर्षे रुंद, दोन सुबक भुजांची, वर्षाला साठेक सूर्यांइतके नवे तारे घडवणारी. त्या काळच्या दीर्घिका वायूने गच्च भरलेल्या, गोळे-गोळे झालेल्या असाव्यात अशी अपेक्षा होती, आणि जोग-सॉलोमन यांच्या हिशेबाने इतका वायू असलेली तबकडी अस्थिरच असायला हवी. ती इतक्या लवकर इतकी घडीव कशी झाली, याचे सर्वांना पटेल असे उत्तर कुठल्याही सिम्युलेशनने अजून दिलेले नाही.

पालघर-बोईसरच्या कॉलेजांत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. गॅजेटची प्रणाली फुकट मिळते, टीएनजीचे निकाल सर्वांना खुले आहेत, पण सुरुवात त्यांच्याही अलीकडे करा. साध्या लॅपटॉपवर, स्वतः लिहिलेल्या पन्नास-साठ ओळींच्या प्रोग्रॅममध्ये एक तबकडी फिरवा. आधी एकटी, मग अचल प्रभामंडळात, मग प्रभामंडळही कणांचेच करून. दांडा कधी येतो ते पाहा, कण दुप्पट करा आणि पुन्हा पाहा. सुरुवातीला ५०० ठिपके पुरतात. १९७३ साली ऑस्ट्रायकर आणि पीबल्स यांच्याकडेही त्याहून जास्त नव्हते.